डेटाबेस ४० सेकंदांत उभा राहिला, मग अ‍ॅप १५ मिनिटं कशाची वाट बघत होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. क्लाउडवर मॅनेज्ड पोस्टग्रेस डेटाबेसचं क्लस्टर आहे, एक रायटर (लिहिणारं मशीन) आणि दोन रीडर (फक्त वाचण्यासाठीची मशीन). त्यावर जावा सर्व्हिसचे ४० पॉड (कुबरनेटीसवर चालणाऱ्या तिच्या प्रती), प्रत्येकात हिकारी या लायब्ररीचा २० कनेक्शनचा पूल (उघडून ठेवलेली कनेक्शनं). आतापर्यंत दोनदा फेलओव्हर (रायटरची जागा दुसऱ्या मशीननं घेणं) झाला. पहिल्या वेळी एका झोनचं (क्लाउडच्या एका डेटासेंटर-गटाचं) नेटवर्कच गेलं. कन्सोलच्या म्हणण्याप्रमाणे ४० सेकंदांत नवा रायटर तयार होता, पण निम्मे पॉड १५-१६ मिनिटं अडकून पडले. दुसऱ्या वेळी मेंटेनन्ससाठीचा फेलओव्हर होता. तेव्हा सगळे पॉड पटकन जोडले गेले, पण त्यातले काही अर्धा तास ‘रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शनमध्ये इन्सर्ट चालणार नाही’ अशी एरर देत राहिले. दोन्ही वेळा शेवटी रीस्टार्ट करून सुटका झाली. आता टीममधले निम्मे लोक म्हणतात मोठं इन्स्टन्स घ्या, निम्मे म्हणतात सर्व्हिस आणि डेटाबेसच्या मध्ये प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) बसवा.

मोठं इन्स्टन्स घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डेटाबेसनं दोन्ही वेळा आपलं काम चोख केलं. प्रॉक्सीचा उपयोग आहे, पण त्याकडे नंतर येते. आधी तुम्हीच दिलेले दोन आकडे बघा, १५ मिनिटं आणि अर्धा तास. हे आकडे योगायोगाचे नाहीत. दोन्ही कुणाच्या तरी डिफॉल्ट सेटिंग आहेत.

आधी १५ मिनिटांचं. लिनक्समध्ये टीसीपीनं पाठवलेल्या पॅकेटची पोच आली नाही तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ते पुन्हा पाठवतो, दर वेळी जास्त थांबून. असे प्रयत्न किती करायचे ते ‘टीसीपी रिट्राइज टू’ या सेटिंगवर ठरतं, आणि त्याची डिफॉल्ट किंमत १५ आहे. पहिली थांबणूक २०० मिलिसेकंदांची, पुढे दुप्पट-दुप्पट होत दोन मिनिटांपर्यंत. सगळी बेरीज ९२४.६ सेकंद, म्हणजे साडेपंधरा मिनिटांच्या जवळपास. झोनचं नेटवर्क गेलं तेव्हा पलीकडच्या मशीननं ‘मी चाललो’ असं सांगितलंच नाही. फिन नाही, रीसेट नाही (हे टीसीपीचे कनेक्शन संपवणारे निरोप), नुसती शांतता. तुमच्या पॉडमधल्या थ्रेडनं क्वेरी पाठवली होती आणि तो उत्तराची वाट बघत बसला होता. कनेक्शन मेलंय हे त्याला कळायला कर्नलला हात टेकावे लागले.

मग निम्मेच पॉड का अडकले? कारण हिकारी कनेक्शन हातात देण्याआधी ते जिवंत आहे का ते तपासतो (गेल्या अर्ध्या सेकंदात वापरलेलं असेल तर तेवढं तपासणं टाळतो). म्हणजे पूलमध्ये निवांत पडलेली कनेक्शनं मेली तरी फारसं बिघडत नाही, ती टाकून नवी घेतली जातात. अडकतात ती त्या क्षणी वापरात असलेली. ज्या पॉडवर तेव्हा गर्दी होती त्याची वीसच्या वीस कनेक्शनं मेलेल्या मशीनशी बोलत होती. त्यामुळे पूल रिकामा, आणि पुढची प्रत्येक रिक्वेस्ट ३० सेकंद रांगेत थांबून ‘कनेक्शन उपलब्ध नाही’ म्हणत परत गेली. ज्या पॉडवर वर्दळ कमी होती ते वाचले. लॉग उघडून बघा, अडकलेले पॉड बहुधा सगळ्यात व्यस्त असलेलेच निघतील.

खरं तर तुम्ही स्वस्तात सुटलात. क्वेरी पोचली, तिची पोचही मिळाली, आणि उत्तर येण्याआधी मशीन गेलं, तर पुन्हा पाठवण्यासारखं कर्नलकडे काही उरतच नाही. तिथे फक्त कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत आहे का हे अधूनमधून विचारणं) कामाला येतो. लिनक्सचे डिफॉल्ट म्हणजे ७२०० सेकंद गप्प बसायचं, मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९ वेळा विचारायचं. झाले २ तास ११ मिनिटं. तेही कीपअलाइव्ह चालू असेल तर. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीत) तो मुळात बंद असतो. म्हणजे तो थ्रेड प्रलयापर्यंत वाट बघायला मोकळा.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे आणि तो तुम्ही आजच करू शकता. जेडीबीसीच्या यूआरएलमध्ये सॉकेटटाइमआउट आणि कनेक्टटाइमआउट द्या. सॉकेटटाइमआउट डिफॉल्टला शून्य असतो, म्हणजे मर्यादाच नाही. तुमची सर्वांत लांब पण रास्त क्वेरी समजा ८ सेकंदांची असेल, तर डेटाबेसच्या बाजूला स्टेटमेंट टाइमआउट १० सेकंद आणि ड्रायव्हरमध्ये सॉकेटटाइमआउट १५ सेकंद ठेवा. हा क्रम उलटा करू नका. ड्रायव्हर आधी कंटाळला तर तो निघून जातो, पण सर्व्हरवर ती क्वेरी लॉक धरून चालूच राहते, आणि तुम्ही रिट्राय करून त्याच लॉकच्या मागे दुसरी उभी करता. रिपोर्टसारख्या लांब क्वेरींसाठी वेगळा पूल करा. एका रिपोर्टपायी सगळ्या सर्व्हिसचा टाइमआउट दहा मिनिटांवर नेलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलाय. कनेक्टटाइमआउट ३ ते ५ सेकंद पुरतो. हिकारीचा स्वतःचा ३० सेकंदांचा कनेक्शनटाइमआउटही खाली आणा, पण तो कनेक्टटाइमआउटपेक्षा मोठाच असू द्या.

इथे एक खड्डा आहे. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर हे आकडे सेकंदांत घेतो, मायएसक्यूएलचा कनेक्टर-जे मिलिसेकंदांत. एका सर्व्हिसची यूआरएल दुसरीत चिकटवली की १५ सेकंदांचे १५ मिलिसेकंद होतात, आणि मग फेलओव्हर नसतानाच सगळं कोसळतं.

जावा सोडून लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या सी लायब्ररीवर चालणारं काही असेल (पायथनचा सायकोपीजी वगैरे), तर तिथे पोस्टग्रेस १२ पासून ‘टीसीपी यूजर टाइमआउट’ हे पॅरामीटर आहे. पोच न मिळालेल्या डेटासाठी किती थांबायचं हे थेट सांगता येतं. मात्र पोच मिळून उत्तर न आलेल्या स्थितीसाठी कीपअलाइव्हचे आकडे वेगळे कमी करावे लागतात. दोन्ही हवेत, एकावर भागत नाही. कर्नलची ती १५ ची सेटिंग ८ वर आणली तरी थांबणं १०० सेकंदांच्या आसपास येतं, पण मॅनेज्ड कुबरनेटीसवर त्यासाठी परवानगीची खटपट असते. मी ड्रायव्हरपासूनच सुरुवात करते.

आता अर्ध्या तासाचं कोडं. हे जास्त फसवं आहे, कारण यात काहीच मेलेलं नसतं.

मेंटेनन्सच्या फेलओव्हरमध्ये जुना रायटर सभ्यपणे बंद झाला, सगळ्या कनेक्शनना ‘५७पी०१’ (सर्व्हर बंद होतोय) हा निरोप देऊन. म्हणून पॉडना लगेच कळलं. त्यांनी क्लस्टरचं नाव पुन्हा विचारलं, पण नावामागचा पत्ता बदलायला आणि तो बदल सगळीकडे पोचायला काही सेकंद जातात. त्यात जावा स्वतःचा वेगळा कॅश ठेवतो, डिफॉल्ट ३० सेकंद (जुन्या जावात सिक्युरिटी मॅनेजर लावलेला असेल तर कायमचा). तेवढ्यात जुना रायटर रीस्टार्ट होऊन रीडर म्हणून परत आला होता. काही पॉड जुन्या पत्त्यावर गेले, दार उघडं मिळालं, लॉगिन झालं, ‘सिलेक्ट १’ चाललं. पूलच्या दृष्टीनं कनेक्शन ठणठणीत. फक्त लिहायला गेलं की २५००६, म्हणजे तीच रीड-ओन्लीची एरर.

आणि हिकारी ते कनेक्शन टाकून का देत नाही? कारण त्याच्याकडे कनेक्शन बाद करायच्या एररची यादी आहे. ०८ नं सुरू होणारे सगळे कोड (कनेक्शन तुटल्याचे) आणि ५७पी०१, ०२, ०३ हे तिच्यात आहेत, २५००६ नाही. त्याच्या मते ही तुमच्या क्वेरीची चूक आहे, कनेक्शनची नव्हे. मग ते कनेक्शन किती जगतं? मॅक्सलाइफटाइम संपेपर्यंत. त्याचं डिफॉल्ट आहे ३० मिनिटं. तुमचा अर्धा तास तो हा.

यावर मी तीन गोष्टी करते, आणि तिन्ही लागतात. पहिली म्हणजे जावाचा डीएनएस कॅश (नावामागच्या पत्त्याची ती साठवण) ५ सेकंदांवर आणणं. ही सिक्युरिटी प्रॉपर्टी आहे, नेहमीच्या ‘-डी’नं दिली तर गुपचूप दुर्लक्षित होते. ती जावाच्या सिक्युरिटी फाइलमध्ये किंवा प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला, पहिलं नाव शोधलं जाण्याआधी, कोडमधून द्यावी लागते. यात लोकांचे दिवस गेलेत. दुसरी म्हणजे कनेक्शन उघडतानाच ‘तू रायटर आहेस का’ हे विचारायला लावणं. जेडीबीसीत टार्गेटसर्व्हरटाइप ‘प्रायमरी’ करा. लिबपीक्यूत टार्गेट सेशन अ‍ॅट्रिब्यूट ‘रीड-राइट’ हे पोस्टग्रेस १० पासून आहे, आणि यूआरएलमध्ये एकाहून अधिक होस्टही देता येतात. चुकीच्या मशीनवर पोचलं तर ड्रायव्हरच मागे फिरतो. तिसरी म्हणजे २५००६ पकडून ते कनेक्शन पूलमधून स्वतः काढून टाकणं. हिकारीत त्यासाठी ‘इव्हिक्ट कनेक्शन’ आहे, आणि सगळा पूलच हळूहळू बदलायचा तर ‘सॉफ्ट इव्हिक्ट कनेक्शन्स’. रीडरसाठी मुद्दाम वेगळा पूल असेल तर तिथे मात्र हे लावू नका.

ही दुखणी सगळ्या क्लाउडवर सारखी नसतात. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेच्या मल्टी-एझेड (अनेक झोनच्या) रचनेत नाव तेच राहून पत्ता बदलतो, म्हणून तिथे डीएनएसची काळजी खरी. गूगलच्या क्लाउड एसक्यूएलच्या हाय अ‍ॅव्हेलेबिलिटी रचनेत आयपी पत्ता तोच राहतो, तिथे डीएनएसशी झटापट करण्यात अर्थ नाही, पण मेलेल्या सॉकेटचं दुखणं जसंच्या तसं आहे. अ‍ॅझ्युर एसक्यूएलमध्ये अदलाबदल चालू असताना ४०६१३ हा कोड येतो, त्याचा अर्थ ‘थोड्या वेळानं ये’ इतकाच. ऑरोरा ही डेटाबेस सेवा वापरणाऱ्यांसाठी अ‍ॅमेझॉनचा जेडीबीसी रॅपर (ड्रायव्हरवरचं आवरण) आहे. तो डीएनएसच्या भरवशावर न राहता नवा रायटर कोण हे क्लस्टरलाच विचारतो. ऑरोरावर असाल तर वरची बरीच मेहनत त्यानं वाचते.

इथपर्यंत कनेक्शन पटकन तोडायचं आणि योग्य जागी जोडायचं झालं. पण तुटलेल्या कनेक्शनवर जे काम चालू होतं त्याचं काय? तुम्ही हा प्रश्न विचारलेला नाही, आणि मला काळजी याचीच जास्त वाटते. टाइमआउट कमी केलात की पुढची पायरी म्हणून कुणीतरी रिट्राय लावणारच.

व्यवहार (ट्रान्झॅक्शन) कमिटच्या, म्हणजे पक्का होण्याच्या, आधी तुटला तर सोपं आहे. नव्या रायटरवर त्याचा मागमूस नसतो. संपूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवा, मधलं एखादं स्टेटमेंट नव्हे. पण कमिट पाठवलं आणि उत्तर येण्याआधी तार तुटली, तर? झालं असेल किंवा नसेल. एररमध्ये ते लिहिलेलं नसतं. ‘०८००६, कनेक्शन गेलं’ एवढंच दिसतं. एका वॉलेटच्या कामात आम्ही ०८ दिसला की रिट्राय असं सरसकट लावलं होतं. फेलओव्हरनंतर सगळे डॅशबोर्ड हिरवे, आम्ही खूश. दोन दिवसांनी हिशेब जुळवणाऱ्या सहकाऱ्यानं काही खात्यांच्या नोंदी समोर ठेवल्या: तीच रक्कम, तेच खातं, दोनदा जमा, मध्ये काही सेकंदांचं अंतर. पहिलं कमिट झालेलं होतं, आम्हाला फक्त कळलं नव्हतं.

तेव्हापासून नियम असा: लिहिणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला पहिल्या प्रयत्नाआधीच एक ओळखक्रमांक मिळतो. तो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात जातो, आणि त्या कॉलमवर युनिक बंधन असतं. दुसऱ्या प्रयत्नात क्रमांक आधीच सापडला तर काम झालेलं आहे, जुनं उत्तर परत द्या. ‘त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये’ हे शब्द महत्त्वाचे. क्रमांक रेडिस या वेगळ्या डेटाबेसमध्ये आणि रक्कम पोस्टग्रेसमध्ये ठेवली की पुन्हा तीच अनिश्चितता मागच्या दारानं आत येते. ईमेल पाठवणं, दुसऱ्याची एपीआय बोलावणं हे ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, आउटबॉक्स टेबलातून (नंतर पाठवायच्या गोष्टींची नोंद ठेवणाऱ्या).

पोस्टग्रेसमध्ये आणखी एक युक्ती आहे. कमिटआधी ट्रान्झॅक्शनचा आयडी विचारून ठेवायचा, आणि तुटल्यावर नव्या कनेक्शनवरून ‘पीजी एक्सअ‍ॅक्ट स्टेटस’ला त्याचं काय झालं ते विचारायचं (आवृत्ती १३ पासून या नावानं; १० पासून ‘टीएक्सआयडी स्टेटस’). सुंदर सोय आहे, पण रेप्लिकेशन असिंक्रोनस (बदल दुसऱ्या मशीनवर मागाहून पोचणारं) असेल तर माझा तिच्यावर विश्वास नाही. तुमचा व्यवहार नव्या रायटरपर्यंत पोचलाच नसेल, तर तोच आयडी तिथे दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो, आणि ‘कमिटेड’ असं उत्तर येतं ते त्या दुसऱ्याचं. ओळखक्रमांक अशी फसवणूक करत नाही.

रिट्राय किती आणि कसे याबद्दल थोडक्यात. अंतर दुप्पट-दुप्पट वाढवा आणि त्यात यादृच्छिकपणा मिसळा. एकूण वेळ वरच्या रिक्वेस्टच्या टाइमआउटच्या आत ठेवा. आणि रिट्राय एकाच थरात करा. गेटवे तीनदा, सर्व्हिस तीनदा, डेटाबेसचा थर तीनदा, म्हणजे एका क्लिकचे २७ प्रयत्न, तेही नेमके नवा रायटर थंड कॅश घेऊन उभा राहत असताना.

त्याच संदर्भात तुमचे ४० गुणिले २० बघा. हिकारीत किमान निवांत कनेक्शनांची संख्या वेगळी दिली नाही तर ती कमाल आकड्याइतकीच धरली जाते, म्हणून सगळे पॉड एकदमच पूल भरायला धावतात. ८०० टीएलएस हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची बोलणी), आणि पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. बहुतेक सर्व्हिसना २० कनेक्शन लागतच नाहीत. ८ वर आणून आठवडाभर बघा. आणि पॉडचा लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का ही कुबरनेटीसची तपासणी) डेटाबेसला हात लावत असेल तर तो आधी काढा. नाहीतर डेटाबेस एक मिनिट गेला की कुबरनेटीस चाळीसही पॉड मारून टाकतो, आणि मग कोल्ड स्टार्टचं ओझं याच गर्दीत भर घालतं.

आता प्रॉक्सी. आरडीएस प्रॉक्सी असो की पीजीबाउन्सर, अ‍ॅपचं कनेक्शन प्रॉक्सीशी असतं, ते सहसा तुटत नाही, आणि मागची जोडणी तो बदलतो. कनेक्शनांची झुंबड आवरायला हे उत्तम. ठरवून केलेल्या अदलाबदलीत तर पीजीबाउन्सरचं ‘पॉज’ आणि ‘रिझ्यूम’ फारच छान चालतं. अ‍ॅपला एरर नाही, फक्त थोडा उशीर जाणवतो. पण मधेच तुटलेलं ट्रान्झॅक्शन कुठलाही प्रॉक्सी वाचवू शकत नाही, आणि कमिटचा तिढा जिथल्या तिथे राहतो. सेशन पातळीवरचे ‘सेट’सारखे प्रकार वापरत असाल तर आरडीएस प्रॉक्सी ते कनेक्शन एकाच क्लायंटला बांधून टाकतो, मग वाटून घेण्याचा फायदा गेला. शिवाय प्रॉक्सीही लिनक्सवरच चालतो. तुम्ही स्वतः पीजीबाउन्सर चालवलात तर त्याच्या मागच्या सॉकेटना तेच साडेपंधरा मिनिटांचं दुखणं आहे, आणि तिथेही टीसीपीचे टाइमआउट द्यावे लागतात. म्हणून आधी ड्रायव्हर, मग ओळखक्रमांक, आणि मग गरज उरली तर प्रॉक्सी.

शेवटी चाचणी. तुम्ही कन्सोलवरून फेलओव्हरचं बटण दाबून तपासलं होतं आणि सगळं पास झालं होतं, असं लिहिलंय. ती चाचणी सभ्य मरणाची. डेटाबेस निरोप घेऊन जातो, आणि असा फेलओव्हर जवळपास कुठलंही अ‍ॅप निभावतं. गप्प मरण बघायचं असेल तर स्टेजिंगच्या एका पॉडमध्ये, लोड चालू असताना, पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टकडे जाणारी पॅकेट आयपीटेबल्सनं (लिनक्सच्या फायरवॉलनं) ‘ड्रॉप’ करा. ‘रिजेक्ट’ नको, त्यानं लगेच एरर येते आणि चाचणी पुन्हा सभ्य होते. मग त्याच पॉडमध्ये सॉकेटची यादी देणारी ‘एसएस’ कमांड टायमर दाखवणाऱ्या पर्यायासह चालवा. अडकलेल्या प्रत्येक सॉकेटसमोर पुढचा प्रयत्न किती सेकंदांनी आणि आतापर्यंत किती झाले हे दिसतं. सॉकेटटाइमआउट नीट लागला असेल तर १५ सेकंदांत त्या ओळी ‘एस्टॅब’ (कनेक्शन चालू) या अवस्थेतून बाहेर पडतात. लागला नसेल तर प्रयत्नांचा आकडा ९, १०, ११ असा चढत जाताना बघत बसाल. टीमला पटवायला माझ्याकडे यापेक्षा चांगलं काही नाही.

त्यासोबत, अ‍ॅपच्याच पूलमधून दर सेकंदाला एक ओळ लिहिणारा छोटा जॉब ठेवा, पॉडचं नाव आणि वेळ एवढंच. फेलओव्हरनंतर त्या टेबलात प्रत्येक पॉडची सर्वांत मोठी फट मोजा. कन्सोलवरचे ४० सेकंद क्लाउडवाल्यांचे. तुमच्या ग्राहकांनी भोगलेला वेळ या टेबलात आहे. पुढच्या मेंटेनन्सच्या वेळी तो आकडा घेऊन या, मग प्रॉक्सीचं बोलू. आणि चाचणी संपल्यावर तो ड्रॉपचा नियम काढायला विसरू नका. मी एकदा विसरले होते, आणि दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ स्टेजिंगचा डेटाबेस ‘संथ’ का झाला हे शोधण्यात गेली.